स्वतःच्या हक्कानं काउंटेस

ज्या दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स' लिहिलेलं असेल, त्या दुकानात आमच्या टीचर पाऊल टाकत नसत. वसईच्या बाजारात तेव्हा अशी दुकानं भरपूर. कापडवाले अँड सन्स, भांडीवाले अँड सन्स, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची हातभर टपरी, तीही अँड सन्स. त्यामुळे टीचरांबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच होती. तांदूळ एका टोकाला, साबण दुसऱ्या टोकाला. मी शाळेत नोकरीला नवी होते, त्यांची पिशवी धरून मागे मागे हिंडायचे आणि मनातल्या मनात कुरकुरायचे.

एकदा भर दुपारी त्या एका किराणा दुकानासमोर थांबल्या. मान वर करून पाटी वाचली आणि गल्ल्यावरच्या शेटना विचारलं, "तुम्हाला मुली किती?"

शेट गोंधळले. "तीन. का हो टीचर?"

"आणि मुलगे?"

"एक. तो मुंबईला असतो."

"मग आत तांदूळ कोण मोजतंय?"

आत त्यांची मोठी मुलगी पदर खोचून मापानं तांदूळ ओतत होती. शेट कौतुकानं म्हणाले, "अहो, दुकान तीच तर बघते."

"बघते ती आणि पाटीवर तो? त्याला आजचा तांदळाचा भाव तरी सांगता येईल का?"

एवढं बोलून टीचर तरातरा चालायला लागल्या. मागून शेटचा आवाज आला, "डोकं फिरलंय बाईचं." बाजार हसला. मीही हसले. त्या प्रसंगाचं मला आता हसू येत नाही. आता डोळ्यांसमोर येते ती फक्त ती मुलगी. बापाचं आणि टीचरांचं बोलणं चाललेलं असताना तिचं माप हवेतच थांबलं होतं.

मी विरारची. आमचीही केळीची वाडी होती, घरी वाडवळी बोलणं. बी.एड. झाल्या झाल्या वसईच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, ती सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. टीचर तिथं इंग्रजी शिकवत. सांडोरच्या ख्रिस्ती घरातल्या, लग्न न केलेल्या, तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर. आमच्या शाळेत बायकांना 'टीचर'च म्हणत, पण नुसतं 'टीचर' म्हटलं की सगळ्यांना त्याच एक कळत. उंच, वाळक्या, चष्म्याला दोरी, साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट. सांडोरहून शाळेपर्यंत चालत येत. डब्यात पोळीभाजी कधी नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी, ती त्या मधल्या सुट्टीत सावकाश चघळत बसत आणि चघळता चघळता लग्नपत्रिका तपासत.

होय, तपासत. गावातल्या लोकांनी आमंत्रण म्हणून दिलेल्या पत्रिका त्या लाल शाईनं सुधारून परत पाठवायच्या. 'अमक्यांचे चिरंजीव' असं लिहिलं असलं की समासात लिहायच्या, 'आईचे नाव राहिले.' निम्म्या गावानं त्यांना आमंत्रण देणं बंद केलं होतं. उरलेलं निम्मं गाव पत्रिका छापायच्या आधीच दाखवून नेई, कारण त्यांचं इंग्रजी चांगलं होतं.

स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांना 'काउंटेस' म्हणत. हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण त्यातच त्यांचं सगळं वेड होतं.

तरुणपणी त्या मुंबईला शिक्षिकेचा कोर्स करत होत्या. तिथं प्रिन्सिपॉल म्हणून एक म्हातारी स्कॉटिश मिशनरी बाई होती. तिचे वाडवडील तिकडे उत्तरेला किलडोरन नावाच्या एका अर्लच्या जमिनीवर कूळ म्हणून राबलेले. अर्ल म्हणजे आपल्याकडच्या जहागीरदारासारखा, वर मानाची पदवी. या बाईनं रविवारी संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलींना त्या घराण्याची गोष्ट सांगितली. बाकीच्या मुली जांभया देऊन झोपायला गेल्या. आमच्या टीचरांच्या मात्र ती गोष्ट हाडात शिरली.

गोष्ट अशी. पहिल्या अर्लला राजानं पदवी दिली, तेव्हा सनदेत लिहिलं की ही पदवी आणि जमीन पुढे त्याच्या वारसांना जाईल, 'मग ते वारस कोणीही असोत'. इंग्लंडात बहुतेक पदव्यांना 'पुरुष वारस' असं लिहायची चाल. स्कॉटलंडात पुष्कळदा तसं लिहीत नसत. पुढे काही पिढ्यांनी एक अर्ल वारला. मागे एकच मुलगी, कोवळी पोर. बाप जमिनीत पुरला जातोय तोवर तिचा काका माणसं घेऊन वाड्यात शिरला. म्हणाला, बाई कुठं अर्ल असते काय? मी तुझं लग्न लावून देतो, चांगला हुंडा देतो, तू नीघ. सनदेत काय लिहिलंय ते त्या मुलुखात सगळ्यांना माहीत होतं. पाद्र्याला, कारकुनाला, खुद्द काकालाही. पण मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती. ती मुलगी घोड्यावर बसून एडिंबरोला न्यायाधीशांपुढे जाऊन उभी राहिली आणि स्वतः बोलली. काका हरला. ती काउंटेस झाली.

"नवऱ्यामुळे नव्हे हं!" इथं टीचर बोट वर करायच्या. "अर्लची बायको काउंटेस असतेच, त्यात काय मोठं! ही काउंटेस इन हर ओन राइट. स्वतःच्या हक्कानं!"

ही गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्या शाळेतून कुणी मॅट्रिक झालं नाही. एकदा तपासणीसाठी साहेब आले. नववीच्या वर्गात जाऊन त्यांनी एका मुलाला उभं केलं आणि पॅसिव्ह व्हॉइसचं उदाहरण विचारलं. पोरगा पाचूबंदरचा, कोळ्याचा. खणखणीत आवाजात म्हणाला, "द अंकल वॉज थ्रोन आउट ऑफ द हाउस."

साहेब म्हणाले, "गुड. आणखी एक?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "द टायटल वॉज इनहेरिटेड बाय द डॉटर."

"हा अंकल कोण?" साहेबांनी विचारलं, आणि सगळा वर्ग एकदम सांगायला लागला. फळ्यावर किलडोरनची वंशावळ होतीच. साहेब चिडले. हेडमास्तरांच्या खोलीत टीचरांना बोलावलं. हे अभ्यासक्रमात कुठं आहे, असं विचारलं. टीचर शांतपणे म्हणाल्या, "मुलांच्या पॅसिव्ह व्हॉइसमध्ये चूक आहे का?"

"चूक नाही, पण..."

"मग मी वर्गावर जाते."

हेडमास्तर नंतर आम्हाला स्टाफरूममध्ये सांगत होते, "कामाच्या बाबतीत बोट दाखवायला जागा नाही. पण बाईला हे काय भलतंच! कुठं सांडोर, कुठं स्कॉटलंड!" सगळे हसले. कुठं सांडोर, कुठं स्कॉटलंड! वसईतल्या घराघरांत एक काका वाड्यात शिरून बसला होता आणि यांना सांडोरचा स्कॉटलंडशी काही संबंध दिसत नव्हता.

मला तरी कुठं आधी दिसला होता? माझ्या आईनं मामाच्या कागदावर सही केली, तेव्हा मी शाळेत होते. हक्कसोड. बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, आपल्या मर्जीनं, आनंदानं. कागदावर तसंच लिहिलेलं असतं, 'स्वखुशीने'. मामानं आईला हिरवी साडी दिली. ती साडी आईनं फार जपून वापरली. मी टीचरांना हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्या आईबद्दल हळहळतील. त्या माझ्यावरच उसळल्या. "जपून वापरली? अगं, ती साडी म्हणजे तिची वाडी होती! केळी, नारळ, विहीर, सगळं तिनं अंगाला गुंडाळलं होतं!"

मी रडले. त्यांनी मला सुकेळी दिली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

एकदा मी मुद्दाम त्यांना डिवचलं. म्हटलं, "टीचर, तुमच्या काउंटेसचं फार कौतुक करता, पण ती जहागीरदारीणच ना? तुमच्या त्या प्रिन्सिपॉलबाईंचे वाडवडील तिच्याच शेतावर राबले असतील. तिनं कुळांना छळलं असेल, हाकललं असेल."

"असेल नाही, हाकललंच," त्या म्हणाल्या. "मेंढ्या पाळायच्या म्हणून गावंच्या गावं उठवली त्या घराण्यानं. प्रिन्सिपॉलबाईंनी ते पण सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? ती चांगली होती असं मी कधी म्हटलं का? हक्क मिळायला चांगलं असावं लागतं का? भाऊ दारू पितो, पत्ते खेळतो, बायकोला मारतो, त्याला बापाची जमीन मिळते. कुणी म्हणतं का, आधी चांगला हो? आम्हीच तेवढं चांगलं असायचं! आणि चांगलं म्हणजे काय, तर मागायचं नाही!"

हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला. तोवर मला वाटत होतं की ही सगळी पुस्तकी चीड आहे. त्या दिवशी कळलं की नाही.

ऐंशीचं दशक लागलं आणि वसईत बिल्डर यायला लागले. नालासोपाऱ्याला, विरारला इमारती उठत होत्याच. आता हिरव्या वाड्यांकडे नजर गेली. टीचरांच्या घरची सांडोरची वाडी चांगली मोठी होती. पानवेली, केळी, मधोमध बावखल, म्हणजे आमच्याकडे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं असतं ते. वडील मृत्युपत्र वगैरे न करता कधीच गेले होते, आई त्यांच्याही आधी. मुलं तिघं. थोरल्या आमच्या टीचर. मधला भाऊ इनास, वाडी बघणारा. धाकटी बहीण फिलू. तिचा नवरा अकाली गेला होता आणि ती दोन मुलांना घेऊन आचोळ्याला चाळीतल्या एका खोलीत राहत होती. शिवणकाम करायची.

एक दिवस मधल्या सुट्टीत इनास केळीचा एक लोंगर खांद्यावर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. रोज एकाच घरात राहणारा भाऊ बहिणीला भेटायला शाळेत केळी घेऊन येतो, म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. चार लोकांसमोर ती भांडणार नाही, असा त्याचा हिशेब.

"बाय, जरा सई पायजे होती," तो हसत म्हणाला. "नुस्ता कागद. वाडीचा."

टीचरांनी कागद घेतला. चष्मा पुसला. सगळा वाचला. लाल पेन काढलं आणि एका शब्दाखाली रेघ मारली. कागद परत दिला.

"'स्वखुशीने' हा शब्द चुकीचा हाय. माजी खुशी कोनी इचारली नाय."

इनासचं हसू गेलं. "घरी बोलू," म्हणून तो निघून गेला. केळी तिथंच राहिली. विज्ञानाच्या सरांनी त्यातली दोन तोडली.

मग सुरू झालं. कोण कोण आलं समजवायला! हेडमास्तर म्हणाले, तुम्हाला पगार आहे, पेन्शन मिळेल, कशाला घर फोडता? शेजारपाजारचे म्हणाले, शिकलेली बाई म्हणून एवढा हट्ट. रविवारच्या मिस्सेला फादरनी भावंडांच्या प्रेमावर प्रवचन दिलं आणि सगळं चर्च माना वळवून टीचरांकडे बघायला लागलं. इनासकडे कुणी बघितलं नाही. प्रेम बहिणीनं करायचं, जमीन भावानं घ्यायची, ही वाटणी मात्र कुणाला कधी कोर्टात जाऊन करावी लागली नाही!

शेवटी एका रविवारी इनासनं घरी बैठक ठेवली. फिलूला आचोळ्याहून बोलावलं. टीचर मला म्हणाल्या, "तू ये. काही बोलू नकोस, फक्त ऐक. घरातली बाई जे बोलते ते बाहेर 'ती असं बोललीच नव्हती' होतं."

मी गेले. ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. इनास, त्याची बायको दाराआड, एक तरुण वकील, आणि खाली चटईवर फिलू. कितीदा सांगितलं तरी ती खुर्चीवर बसली नाही. वकील टीचरांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला, कागद पुढे ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, "टीचर, तुमची काउंटेस मला अजून आठवते. पण एक विचारू? ती काउंटेस झाली कारण तिला भाऊ नव्हता. भाऊ असता तर तिथंही सगळं भावालाच गेलं असतं. म्हणजे तुमच्या स्कॉटलंडच्या हिशेबानंसुद्धा तुम्हाला काहीच मिळत नाही."

इनास मोठ्यानं हसला. दाराआडून बायकोही हसली असावी.

टीचर आयुष्यभर ज्या गोष्टीवर उभ्या होत्या तीच कुणी पायाखालून ओढून घेतली होती, तेही त्यांनीच शिकवलेल्या पोरानं. मला वाटलं, संपलं.

मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. हा प्रश्न तू वर्गात विचारायला हवा होतास. पूर्ण मार्क दिले असते. त्या गोष्टीत ते भोक आहे. मला पहिल्यापासून दिसत होतं. ते बोटानं झाकून मी गोष्ट सांगत आले." त्यांनी चष्मा काढला. "तिथं मुलीला मिळायचं तर भाऊ नसावा लागतो. मला ते नकोय. माझा इनास शंभर वर्षं जगू दे. आपल्या कायद्याला त्याच्या मरणाची गरज नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर आम्हा ख्रिस्ती लोकांत मुलगा आणि मुलगी सारखे. तुला हे पाठ आहे."

"टीचर, कायदा आहे, पण रीत..."

"पाठ आहे म्हणून तर हा कागद घेऊन आलास ना! आमचा काही हक्कच नसता तर तो सोडून द्या म्हणून सांगायला आला असतास का?"

इनास उसळला. "काय करनार तू जमिनीचं? तुजं मागं कोन हाय? ना नवरा, ना पोर!"

"तुज्या मागं पोरं हायत म्हनून तुला बापानं जास्ती जल्म दिला काय?"

"बाय, मी वाडीत राबलोय!"

"राबलास. त्याचं खाल्लंस पन. मी शाळेत राबले आनि तुज्या पोरांच्या फिया भरल्या. त्या फिया मी कागदावर लिवून मागते काय?"

इनासनं टीचरांचा नाद सोडला आणि चटईकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. "फिलू, तू तरी कर सई. तुला मी कवा कमी केलंय? सनाला येतेस, जेवतेस, पोरांना कापडं देतो. वाडीतलं केळं, नारळ नेतेस. मायेर तुजं हाय का नाय?"

फिलूनं पेन घेतलं. मी टीचरांकडे बघितलं. मला वाटलं त्या ओरडतील, पेन हिसकावतील. त्या हलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या. काउंटेसच्या गोष्टीतली पोर स्वतः बोलली होती, तिच्यावतीनं दुसरं कुणी बोललं नव्हतं.

फिलूनं कागद चटईवर सरळ केला. मग मान वर केली. "दादा, एक इचारू? सई नाय केली तर सनाला येऊ का नको?"

"म्हंजे?"

"म्हंजे असंच. सई नाय केली, तर मी न् पोरं सनाला आलो तर चालंल काय?"

इनासला खोटं बोलता आलं असतं. रागाच्या भरात त्याला ते सुचलं नाही. "मग कशाला येशील?" तो म्हणाला.

फिलूनं पेन खाली ठेवलं. टोपण लावून ठेवलं. "एवढंच इचारायचं होतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, जेवायला घालतो तो भाऊ म्हनून घालतो." मग उठली आणि टीचरांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली.

पुढची वर्षं वाईट गेली. ती सांगतानाही माझं डोकं तापतं. त्याच घरात इनासनं टीचरांच्या खोलीसमोर भिंत घातली, त्यांना मागच्या बाजूनं, गोठ्याकडून जावं लागे. त्यांनी लावलेल्या केळी कोवळ्या असतानाच कुणी तोडून टाकायचं. चर्चमध्ये इनासच्या घरचे बाक बदलून बसू लागले. शाळेत कुणीतरी फळ्यावर 'काउंटेस' लिहून मुकुट काढला. त्यांनी तो पुसला नाही, मुकुटाच्या खाली तास घेतला. कोर्टाची तारीख असली की फिलू शिवणकाम टाकून आचोळ्याहून यायची आणि दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसून सुकेळी खायच्या. तारीख पुढे गेली की परत.

शेवटी निकाल लागला. हिस्से सारखे. बावखलाकडची बाजू दोघी बहिणींच्या वाट्याला आली. फिलू चाळीतली खोली सोडून मुलांना घेऊन तिकडे आली. दोघींनी मिळून कौलाचं लहानसं घर बांधलं. इनासनं आपला हिस्सा बिल्डरला विकला आणि तिथं इमारत उभी राहिली. टीचरांनी विकला नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "विकेनही उद्या. माझी मर्जी." ते 'माझी मर्जी' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याला मला एकच शब्द सुचतो. मजा. त्यांना मजा येत होती. सकाळी उठून आपल्या जमिनीवरून चालायची मजा, जी पुरुष पिढ्यानपिढ्या घेत आले आणि कुणी त्यांना लोभी म्हटलं नाही.

संध्याकाळी गावातल्या बायका त्यांच्याकडे यायला लागल्या. ख्रिस्ती, वाडवळ, कोळणी, सगळ्या. हळू आवाजात विचारायच्या, "टीचर, आमचा पन निघतो काय हो हिस्सा?" टीचर समजावून सांगायच्या. बायका माना डोलवायच्या, आणि त्यातल्या बहुतेकींनी घरी जाऊन सह्या केल्या. सगळं कळूनही केल्या, माहेर तुटेल या भीतीनं केल्या. टीचर त्यांच्यावर कधी रागावल्या नाहीत. मी रागावले. अजून रागावते, त्यांच्यावर नाही, माहेर ओलीस धरणाऱ्यांवर. माझ्या भावानं मला कधी कागद दाखवला नाही. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी लाल पेन बाळगते.

निवृत्त झाल्यावर टीचर फार जगल्या नाहीत. पोटाचं दुखणं निघालं, थोड्याच दिवसांत गेल्या. शाळेनं हॉलमध्ये शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. स्टेजवर हेडमास्तर होते, फादर होते, आणि पांढरा शर्ट घालून इनासही होता. भाऊ म्हणून त्यालाच वर बसवलं होतं. फिलू मागच्या रांगेत आपल्या मुलांबरोबर बसली होती.

हेडमास्तर म्हणाले की टीचर म्हणजे त्यागमूर्ती. एक जुने शिक्षक म्हणाले, त्यागमूर्ती. मग इनास उठला. त्याचे डोळे खरंच भरले होते, ते मी नाकारत नाही. तो म्हणाला, "बायनं आमच्यासाठी लगीन केलं नाय. आमच्यासाठी सगळं सोडलं. स्वतःसाठी कधी काय मागितलं नाय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

माझ्या कानशिलात काहीतरी फुटलं. ज्या बाईनं सगळ्या वसईच्या तोंडावर मागितलं, तिनं काही मागितलं नाही! जिनं सोडलं नाही म्हणून तिच्या दारात भिंत घातली, तिनं सगळं सोडलं! जिवंतपणी हिस्सा घेता आला नाही, तर आता मेल्यावर तिच्याकडून हक्कसोड लिहून घेत होते.

मी उभी राहिले.

"अहो, नंतर बोला," हेडमास्तर म्हणाले. "ही शोकसभा आहे."

"म्हणून तर आत्ता बोलते," मी म्हटलं. "टीचरांनी काहीही त्याग केला नाही. त्यांना सोडायला सांगितलं होतं. त्यांनी सोडलं नाही. त्यांनी आपला हिस्सा मागितला, त्यासाठी भांडल्या, तो घेतला, आणि त्यावर मजेत राहिल्या. लग्न त्यांनी केलं नाही कारण त्यांना करायचं नव्हतं, त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांना त्यागमूर्ती म्हणू नका. तो त्यांचा अपमान आहे."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. इनासनं मान खाली घातली. फादर स्टेजवरून म्हणाले, "टीचर, ही काय वेळ आहे का असं बोलायची? बसा आता."

मी बसणार होते. खरंच बसणार होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून फिलूचा आवाज आला.

"बसू नका, टीचर," ती म्हणाली. "अजून सांगा."

मी बसले नाही.